संप त्यांचा, तिकीट आपलं

दूध घालून आलेल्या, भाकऱ्या थापता थापता रेडिओ लावून बसलेल्या, गटाच्या बैठकीत मोबाईल मध्ये ठेवून ऐकणाऱ्या सगळ्या ताया, काकू, आक्का आणि वहिनींना आमचा नमस्कार.

आज आपण विमानाबद्दल बोलणार आहोत. विमानाचा आणि आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. पण जरा आपापल्या वाडीवर नजर टाका. कुणाची लेक जर्मनीत नर्स आहे. कुणाचा मुलगा दुबईत नाही तर मस्कतला कामाला आहे. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत आणि आता घाईच्या वेळी विमानानं येजा करतात. कोकणात तर घराघरातलं माणूस आखातात आहे. विमानात आपण बसलो नसलो, तरी विमानाच्या तिकिटाचा पैसा पुष्कळदा आपल्याच हातून जातो. कधी बचत गटाच्या कर्जातून, कधी डाग गहाण ठेवून. म्हणून ते विमान संपामुळं अडलं, तर काय करायचं, हे आपल्याला ठाऊक पाहिजे.

संप आपल्याला नवा नाही. २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला एसटीचा संप सुरू झाला, तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. तेव्हा आपण काय केलं? वडाप धरलं, कुणाच्या तरी गाडीमागं बसलो, पोरी शाळेला चालत गेल्या. हाल झाले, पण वाट निघाली. विमानाला मात्र वडाप नसतं. समुद्रापलीकडं चालत जाता येत नाही. तिथं वाट काढायची ती कागद, फोन आणि नियम वापरूनच काढावी लागते.

आधी हे समजून घेऊ, की विमानतळावर थोड्या माणसांनी काम थांबवलं तरी सगळं ठप्प का होतं. आपल्या दूध संकलन केंद्राचं घ्या. फॅट काढणारा आला नाही, किंवा टँकरचा ड्रायव्हर आला नाही, किंवा कूलरवरचा माणूस आला नाही, यातला एक जरी नसला तरी गावाचं दूध अडतं. विमानतळाचं तसंच आहे. बॅगा तपासणारे वेगळे, सामान चढवणारे वेगळे, विमानं उतरवायची-उडवायची सूचना देणारे वेगळे, आणि विमान चालवणारे व आत प्रवाशांना बघणारे वेगळे. यांतले काही विमानतळाचे नोकर असतात, काही सरकारचे, काही विमान कंपनीचे. संप यांतल्या कुणाचा आहे, हे विचारून घ्या. पुढं भरपाईचा प्रश्न आला की त्यावर बरंच अवलंबून असतं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. २०२५ च्या मार्चमध्ये जर्मनीत व्हेर्डी नावाच्या कामगार संघटनेनं सोमवारी, १० तारखेला, चोवीस तासांचा संप केला. फ्रँकफुर्ट, म्युनिक, बर्लिन, हँबुर्ग अशा मोठमोठ्या विमानतळांवरचं काम थांबलं. एका दिवसात तीन हजारांहून जास्त विमानं रद्द झाली आणि पाच लाखांच्या आसपास प्रवासी अडकले. सरकारी सेवेतल्या लोकांची मागणी होती आठ टक्के पगारवाढीची, आणि ती महिन्याला निदान ३५० युरो तरी असावी अशी. हा संप शुक्रवारीच जाहीर झाला होता, म्हणजे लोकांना दोन-तीन दिवस मिळाले. पण हँबुर्गमध्ये मात्र आदल्या दिवशी, रविवारीच, अचानक काम बंद पडलं. म्हणजे एकाच संपाची दोन रूपं. एक सांगून येणारं आणि एक न सांगता येणारं.

आपल्या देशातही असं झालंय. २०२४ च्या मे महिन्यात एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानांतल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांनी एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. त्याला कुणी संप म्हटलं नाही, पण परिणाम तोच झाला. केरळातून आखातात जाणारी कितीतरी विमानं उडाली नाहीत. दोन-तीन दिवसांत तडजोड झाली, पण तोवर कुणाची नोकरीवर हजर व्हायची तारीख गेली, कुणी आजारी माणसापर्यंत वेळेत पोचलं नाही.

जर्मनीच्या त्या संपात आमच्या गटातल्या एक ताई सापडल्या होत्या. लेकीचं पहिलं बाळंतपण, डॉक्टरांनी दिलेली तारीख १८ मार्च. ताईंनी गटातून ४०,००० रुपये कर्ज घेतलं, थोडे लेकीनं घातले आणि ९ मार्चच्या रात्रीचं मुंबई ते फ्रँकफुर्ट तिकीट काढलं. डिंकाचे लाडू झाले, आळीव, बाळंतशेप बांधून झाली, जुन्या लुगड्याची दुपटी शिवून झाली. आणि शुक्रवारी संध्याकाळी लेकीचा फोन आला की संप जाहीर झालाय. घरात एकच गडबड. पुतण्या म्हणाला, “काकी, मोबाईलवर तिकीट रद्द करायचं बटण दिसतंय, दाबू का? निदान पैसे तरी परत येतील.” लेक तिकडून ओरडली, “आई, त्याला सांग, बटणाला हात लावू नको.”

तिचं बरोबर होतं. शनिवारी रात्री कंपनीचाच मेसेज आला की विमान रद्द झालंय, दुसऱ्या दिवसाचं विमान घ्या किंवा पैसे परत घ्या. ताईंनी ११ तारखेच्या रात्रीचं विमान घेतलं. वरचा एक रुपया लागला नाही. मुंबईला निघाल्याच नव्हत्या, म्हणून लॉजचा खर्चही वाचला. १२ तारखेला त्या लेकीकडं पोचल्या आणि १५ तारखेला बाळ झालं.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे. संपाची बातमी आली म्हणून तिकीट आपण होऊन रद्द करायचं नाही. आपण रद्द केलं तर तो आपला निर्णय ठरतो, रद्द करण्याचे पैसे कापले जातात आणि स्वस्तातल्या तिकिटावर कधी कधी हातात काहीच येत नाही. कंपनीनं रद्द केलं तर ती जबाबदारी कंपनीची होते. म्हणून कंपनीचा मेसेज येईपर्यंत दम धरायचा. मात्र हातावर हात ठेवून बसायचं नाही. दर दोन-चार तासांनी कंपनीच्या वेबसाईटवर किंवा ॲपवर पीएनआर नंबर टाकून बघायचं. संप जाहीर झाला की कित्येक कंपन्या तारीख फुकट बदलून देतात. तशी सवलत दिसली तर लगेच घ्यायची, कारण पुढच्या विमानातल्या जागा भराभर संपतात.

आता तीन शब्द नीट ध्यानात घ्या: परतावा, पर्यायी विमान आणि भरपाई. लोक या तिन्हींची गल्लत करतात.

परतावा म्हणजे तिकिटाचे भरलेले पैसे परत. पर्यायी विमान म्हणजे त्याच तिकिटावर दुसऱ्या वेळी किंवा दुसऱ्या मार्गानं नेणं. कंपनीनं विमान रद्द केलं की या दोन्हींपैकी एक निवडायचा हक्क प्रवाशाचा असतो. संप असला तरी हा हक्क जात नाही. कंपनी म्हणाली की पैसे आमच्याकडेच ठेवा, पुढच्या प्रवासाला वापरा, तर आपल्याला सोयीचं असेल तरच हो म्हणायचं. तशी सक्ती करता येत नाही.

भरपाई म्हणजे आपल्याला झालेल्या त्रासाचे वरचे पैसे. आपल्याकडं नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, याचा नियम आहे. वेळेत न कळवता विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या वेळेप्रमाणं जास्तीत जास्त ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपये भरपाई मिळते. पण त्याच नियमात पूर, दंगल यांच्याबरोबर संप हे कारणही सवलतीत घातलंय. म्हणजे संपामुळं विमान रद्द झालं तर ही भरपाई मागून मिळणार नाही. उशीर झाला तर चहा-नाश्ता, हॉटेल यांचं बंधनही अशा वेळी कंपनीवर राहत नाही. मागून बघायचं जरूर, पण त्या भरवशावर घरातून निघायचं नाही.

युरोपचा नियम थोडा वेगळा आहे. युरोपातून निघणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानाला आणि इथून युरोपात जाणाऱ्या युरोपीय कंपनीच्या विमानाला तो लागू होतो. तिथं संप कुणाचाही असो, वाट बघताना जेवण आणि रात्र काढावी लागली तर हॉटेल, ही जबाबदारी कंपनीची. भरपाई मात्र संप कुणाचा यावर ठरते. विमानतळाच्या लोकांचा संप असेल तर सहसा मिळत नाही. कंपनीच्याच कर्मचाऱ्यांचा असेल तर मिळू शकते, तसे निकाल युरोपच्या न्यायालयानं २०१८ आणि २०२१ मध्ये दिलेत. लांबच्या प्रवासाला ती ६०० युरोपर्यंत असते. लेक किंवा मुलगा तिकडं असेल तर त्यांना हे सांगून ठेवा. तिकडं राहणाऱ्या मुलांनाही पुष्कळदा माहीत नसतं.

आता तिकीट काढतानाच काय बघायचं ते सांगतो.

पहिलं, फोन नंबर. तालुक्याच्या गावातल्या एजंटकडून तिकीट काढलं की तो घाईत आपलाच नंबर टाकतो. मग विमान रद्द झाल्याचा मेसेज त्याच्या मोबाईलवर जातो आणि आपण इकडं बॅग भरून एसटीत बसतो. डीजीसीएचा नियमही सांगतो की प्रवाशानं स्वतःचा संपर्क दिला नसेल तर भरपाई मागता येत नाही. म्हणून समोर बसून आपला किंवा घरातल्या जाणत्या माणसाचा नंबर घालून घ्या.

दुसरं, पैसे कुठून भरले. परतावा ज्या खात्यातून किंवा कार्डावरून पैसे गेले तिथंच परत येतो. एजंटच्या कार्डावरून भरले असतील तर परतावा त्याच्याकडं जाईल आणि आपल्याला त्याच्या दारात खेटे घालावे लागतील. जमलं तर आपल्या खात्यातून भरा. नाही जमलं तर रोख दिल्याची पावती घ्या, तीवर पीएनआर लिहून घ्या. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा ही शेवटी विमान कंपनीचीच जबाबदारी असते, हेही त्याला माहीत आहे आणि आता आपल्यालाही.

तिसरं, दोन विमानं बदलून जायचं असेल तर दोन्ही एकाच तिकिटावर, एकाच पीएनआरवर असावीत. एक हजार-दोन हजार वाचतात म्हणून वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान संपात अडकलं, तर दुसऱ्याचे पैसे बुडतात. एकाच तिकिटावर असेल तर पोचवायची जबाबदारी कंपनीची.

चौथं, तारखेला दम ठेवा. लग्नाच्या आदल्या दिवशी, नोकरीवर हजर व्हायच्या आदल्या दिवशी पोचणारं तिकीट नको. दोन-तीन दिवस हातात असू द्या. आणि व्हिसा संपतो त्याच दिवशीचं परतीचं तिकीट तर मुळीच नको. लेकीच्या बाळंतपणाला युरोपात जाणाऱ्या आईला जास्तीत जास्त ९० दिवसांचा व्हिसा मिळतो. काही जणी ९० व्या दिवसाचं तिकीट काढतात, एक दिवस जास्त नातवंडाजवळ मिळावा म्हणून. माया समजते, पण त्याच दिवशी संप झाला तर आपण बिनव्हिशाचे ठरतो. चार-पाच दिवस आधीचं तिकीट काढा. तरीही अडकलात तर व्हिसा संपायच्या आत तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात जायचं, विमान रद्द झाल्याचं पत्र दाखवायचं. आपल्या हाताबाहेरच्या कारणासाठी मुदत वाढवून मिळायची सोय त्यांच्या कायद्यात आहे आणि तिला फी नाही.

आखातात काम करणाऱ्यांच्या घरच्यांनीही तारखा लिहून ठेवा. दुबई, अबू धाबीचा निवासी व्हिसा असलेला माणूस सलग १८० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहिला तर सर्वसाधारणपणे त्याचा व्हिसा जातो. आजारपणासाठी, शेतीच्या वादासाठी गावी आलेला माणूस १७८ दिवस राहिला आणि मग विमान अडलं, तर नोकरीवर पाणी. विमान रद्द झाल्याचा मेसेज, ईमेल पुसून टाकू नका. मालकाला, कचेरीला दाखवायला तोच पुरावा असतो.

दुसऱ्या मार्गानं पाठवतो असं कंपनी म्हणाली तर एकच प्रश्न विचारा, “मधल्या देशात विमान बदलायला व्हिसा लागतो का?” उत्तर मिळाल्याशिवाय हो म्हणू नका.

विम्याचंही सांगतो. युरोपच्या व्हिसाला निदान ३०,००० युरोचा विमा काढावाच लागतो. पण तो दवाखान्यासाठी असतो. संपानं विमान अडलं तर त्यातून पैसे मिळतीलच असं नाही. तसं संरक्षण हवं असेल तर विमा काढतानाच विचारा. आणि संप जाहीर झाल्यावर काढलेला विमा त्या संपाला लागू होत नाही. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग?

हातातल्या पिशवीत काय ठेवायचं? औषधं तीन-चार दिवस पुरतील इतकी जास्त, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. बीपीच्या, शुगरच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकू नका, कारण ती बॅग विमानतळावर अडकली की लवकर हातात येत नाही. चार्जर, एक जोड कपडे, चश्मा. खायला दशम्या, शेंगदाण्याचे लाडू, चिवडा. आणि एका कागदावर लेकीचा नंबर, पत्ता, पीएनआर आणि कंपनीचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मोबाईल बंद पडला तरी कागद बंद पडत नाही.

आता सगळ्यात जपायची गोष्ट. संपाच्या दिवशी कंपनीचे फोन लागत नाहीत. मग माणूस गुगलवर, फेसबुकवर नंबर शोधतो, आणि तिथं लबाड लोक खोटे नंबर टाकून टपून बसलेले असतात. गोड बोलतात, “मॅडम, पैसे परत पाठवतो, ही लिंक उघडा, पिन टाका.” मैत्रिणींनो, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. कंपनीचा नंबर तिकिटावर असतो, तोच लावा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका लवकर फोन, तितके पैसे वाचायची शक्यता जास्त. आणि कंपनी परतावा देत नसेल तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाईनला फोन करता येतो.

शेवटी संप करणाऱ्यांबद्दल बोलू. विमानतळावर अडकलेला माणूस तिथल्या कर्मचाऱ्यांना शिव्या घालतो. राग येणारच. पण २०२३ च्या डिसेंबरमध्ये आपल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्यातल्या कितीतरी जणी आपल्याच गटांत होत्या. तो संप दीड महिन्याहून जास्त चालला. पोरांचा खाऊ बंद झाला, तेव्हा काहींनी त्यांनाही नावं ठेवली. पण इतक्या कमी मानधनात घर कसं चालतं, हे आपल्याला ठाऊक होतं. बॅगा उचलणाऱ्याचंही घर असतं. त्याचा संप हा त्याचा हक्क, आणि तिकिटाचा परतावा हा आपला हक्क. यातला एक मिळवायला दुसऱ्याला शिव्या द्यायची गरज नाही. खिडकीवर बसलेल्या मुलीनं संप पुकारलेला नसतो. तिच्याशी नीट बोललं तर तीच आपल्याला पुढच्या विमानात जागा शोधून देते.

आता येत्या बैठकीसाठी एक काम. गटात कुणाच्याही घरी विमानाचं तिकीट असेल, जुनं असलं तरी चालेल, ते घेऊन या. सगळ्या मिळून वाचा. पीएनआर कुठं आहे, फोन नंबर कुणाचा आहे, पैसे कुणी भरलेत, विमानं एकाच तिकिटावर आहेत का. गटानं तिकिटासाठी कर्ज दिलं असेल तर रजिस्टरमध्ये पीएनआरही लिहून ठेवा आणि परतावा आला की तो आधी कर्जाला लावायचा असा ठराव करून घ्या. म्हणजे हातात आलेला पैसा इकडं तिकडं खर्च होणार नाही आणि अडचणीतल्या मैत्रिणीवर व्याजाचं ओझंही वाढणार नाही.

काही विचारायचं असेल तर नेहमीप्रमाणं आपल्या केंद्रावर चिठ्ठी द्या, पुढच्या भागात उत्तर देऊ. तोवर तब्येतीला जपा, एकमेकींना धरून राहा. नमस्कार.